चॉकलेटमधील पर्यायी स्निग्धांश आणि विकरांना घातलेली बंदी : पार्श्वभूमी

विकरे (एन्झाइम) वापरून तेलातुपाची घडण बदलण्याच्या तंत्राला चालना मिळाली ती कोको बटरच्या, म्हणजे कोकोच्या बियांतील स्निग्धांशाच्या, चढ्या आणि बेभरवशाच्या भावांमुळे. कोको बटर हाताला टणक लागते आणि तोंडात चटकन विरघळते. कारण स्निग्धांशाच्या रेणूत मेदाम्ले (फॅटी ॲसिड) तीन जागी जोडलेली असतात आणि कोको बटरच्या बहुतेक रेणूंत मधल्या जागी ओलेइक आम्ल आणि दोन्ही टोकांना पामिटिक किंवा स्टिअरिक आम्ल असते. सोडियम मेथॉक्साइड या रसायनाने मेदाम्लांची अदलाबदल करण्याची रीत १९५० च्या दशकातच अमेरिकेत डुकराच्या चरबीचा रवाळपणा घालवण्यासाठी रुळली होती. परंतु तीत तिन्ही जागांची सरमिसळ होत असल्याने येथे ती कुचकामी होती. केवळ टोकांच्या जागांवर काम करणारे लायपेज हे विकर १९८० च्या सुमारास या कामी आले. पामतेलाच्या मधल्या अंशात (फार घट्ट आणि फार पातळ भाग वेगळे काढून उरलेल्या भागात) स्टिअरिक आम्ल मिसळायचे आणि पाणी अगदी बेताचे ठेवायचे, कारण ते वाढले की लायपेज जोडण्याऐवजी तोडतच सुटते.

खरा वाद पुढे कायद्यात झाला. चॉकलेटमध्ये इतर वनस्पतिज स्निग्धांश चालावेत की नाहीत, यावरून युरोपातील देशांत १९७३ पासून दोन तट होते. अखेर २००० च्या सामाईक नियमाने ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, तीही सहाच स्रोतांना : इलिपे, पाम, साल, शिया, आंब्याची कोय आणि कोकम. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावले जाणारे कोकमाचे तूप असे थेट युरोपच्या कायद्यात गेले. मात्र हे स्निग्धांश केवळ शुद्धीकरण व अंशविभाजन करून मिळवलेले असावेत, विकरांनी रेणूची रचना बदललेली चालणार नाही, असे त्याच नियमात स्पष्ट लिहिले गेले. उष्ण कटिबंधातील उत्पादकांचे हित आणि ग्राहकाची नैसर्गिकतेची अपेक्षा ही त्यामागची बाजू समजण्यासारखी आहे. तरीही रेणू तोच असताना केवळ तो घडवण्याच्या रीतीवरून त्याला नाकारणे पटत नाही. विशेष म्हणजे मधल्या जागी पामिटिक आम्ल असलेला, आईच्या दुधाशी मिळताजुळता स्निग्धांश याच जातीच्या लायपेजने तयार होऊन १९९० च्या दशकापासून युरोपात तान्ह्या बाळांच्या दूधपावडरीत वापरला जात होता.

या तंत्राचा मोठा प्रसार झाला तो ट्रान्स फॅट, म्हणजे तेलात हायड्रोजन जोडून ते घट्ट करताना (हायड्रोजनीकरणात) तयार होणारा अपायकारक स्निग्धांश, याच्यावरील निर्बंधांमुळे : डेन्मार्कमध्ये २००३ पासून मर्यादा आली, अमेरिकेत २००६ पासून वेष्टनावर नोंद सक्तीची झाली आणि भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेले व वनस्पती तुपात २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली. सिलिकाच्या कणांवर बसवलेले लायपेज तुलनेने स्वस्त पडू लागल्याने मार्गारीनसारख्या पदार्थांसाठी हायड्रोजनीकरणाऐवजी हा मार्गही परवडू लागला.