जळालेले कागद आणि शाळकरी वह्या

१९३७ साली आयर्लंडमधल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना निबंधाऐवजी एक वेगळाच गृहपाठ मिळाला. घरी जायचं, आजी-आजोबांना नाहीतर शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठायचं आणि विचारायचं: पूर्वी भाकरी कशाची करायचे, कपडे कुठे विणले जायचे, चामखिळीवर काय उपाय, बाजार कुठल्या दिवशी भरायचा, पुरलेल्या धनाची गोष्ट आहे का आपल्या गावात? ऐकलेलं वहीत उतरवायचं आणि बाईंना दाखवायचं. अशा पंचावन्न विषयांची पुस्तिका शिक्षकांना दिलेली होती. साधारण दीड वर्ष हे चाललं. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० हून अधिक मुलं आणि ७,४०,००० च्या आसपास पानं!

त्या पानांमध्ये लोणी काढण्याबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. घरात घुसळण चालू असताना कोणी पाहुणा आला तर त्याने रवीला हात लावून चार हिसके दिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पडला तर लोणी यायचं नाही, किंवा त्याच्याबरोबर निघून जायचं. अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्याआधी हेही लक्षात घ्यावं, की लोणी विकूनच बऱ्याच घरांचा खंड भरला जायचा आणि घुसळणाऱ्या बाईचे हात भरून आलेले असायचे.

आयर्लंडच्या सामाजिक इतिहासावरची, तिथल्या रोजच्या जगण्यावरची पुस्तकं आज वाचताना तळटीपांमध्ये या वह्या सतत भेटतात. इतिहास लिहायला मुलांच्या वह्यांपर्यंत का जावं लागलं? एक कारण अगदी सरळ आहे. सरकारी कागद जळले होते.

३० जून १९२२. ब्रिटनपासून वेगळं होत असलेल्या आयर्लंडमध्ये यादवी युद्ध नुकतंच पेटलेलं. डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात बंडखोरांनी ठाण मांडलेलं, बाहेरून नव्या सरकारच्या तोफा चालू. स्फोट झाला आणि शेजारच्या सरकारी दफ्तरखान्यातली सात शतकांची कागदपत्रं गेली. जळके कपटे शहरभर उडत होते. मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या आणि १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक सगळे तक्ते त्यात गेले. दोष एकट्या आगीचा मात्र नाही. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच पूर्वी नष्ट करवले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्यात गेले. घरटी माहितीचे सगळ्यांत जुने पूर्ण तक्ते आज हाताशी आहेत ते १९०१ आणि १९११ चे. सामान्य आयरिश माणसाचं एकोणिसावं शतक असं कागदावरून जवळजवळ पुसलं गेलं.

यातून वाचलेल्या एका तुकड्याची गोष्ट गमतीची आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली. पण आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची नोंद सक्तीची झाली १८६४ पासून, मग सत्तरीच्या माणसाने वय सिद्ध करायचं कसं? अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत नाव शोधून चिठ्ठी बनवत. मूळ तक्ते जळले, चिठ्ठ्या राहिल्या. ज्यांचं नाव सापडत नसे ते सांगत, ‘मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते मला.’ म्हणजे ६ जानेवारी १८३९ चं वादळ. आपल्याकडची जुनी माणसं प्लेगच्या सालावरून वय सांगत, तसलाच हा प्रकार. पेन्शन सुरू झाल्यावर ती रात्र आठवणारे एकाएकी फार वाढले, असा विनोद तिथे अजून चालतो.

कागद नाहीत तर माणसं विचारा, हा विचार मात्र आगीतून जन्मला नाही. त्यामागे भाषेची काळजी होती. आयरिश बोलणारे पश्चिम किनाऱ्यावर उरले होते, तेही म्हातारे आणि गरीब. केरी परगण्यासमोरच्या ब्लास्केट बेटावर तर जेमतेम दीडशे माणसं. तिथल्या तोमास ओ क्रिहान या कोळ्याला एका पाहुण्याने रशियन लेखक गॉर्की वाचून दाखवला आणि म्हटलं, असं तूही लिहू शकशील. त्याने लिहिलं. १९२९ साली त्याचं आत्मकथन आलं. नावाचा अर्थ ‘बेटकरी’. सील मारणं, दगडी घर बांधणं, बुडालेल्या गलबताचा माल किनाऱ्यावर लागणं हे सगळं तो हिशेबाच्या वहीसारखं कोरडं लिहितो. दहा मुलं झाली आणि एकेक करून बरीचशी गेली, हे तो ज्या थोड्या ओळींत उरकतो त्या ओळी मला पुढे वाचू देईनात. १९३६ मध्ये पेग सेयर्स या बेटावरच्याच बाईंचं पुस्तक आलं. त्यांनी सांगितलं, मुलाने उतरवून घेतलं. पुढे ते शाळेत अभ्यासाला लागलं आणि तिथल्या कित्येक पिढ्यांनी त्याला मनापासून शिव्या घातल्या. अभ्यासक्रमात शिरलेल्या पुस्तकाचं दुसरं काय होणार! बेट १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये रिकामं झालं.

१९३५ मध्ये सरकारने लोकसाहित्य आयोग नेमला. जेम्स डेलार्गी त्याचे प्रमुख. शाळकरी वह्यांची ती योजना याच आयोगाची. पद्धत स्वीडनकडून घेतलेली: वर्गवारी, प्रश्नावल्या, गावोगाव हिंडणारे पगारी संकलक. संकलकाजवळ एडिफोन नावाचं ध्वनिमुद्रणाचं जड यंत्र असायचं. म्हातारी सांगणार, मेणाच्या नळकांडीवर आवाज उमटणार, मग रात्री बसून तो शब्द न् शब्द उतरवायचा. पैसा इतका कमी, की उतरवून झालं की नळकांडी तासून पुन्हा वापरत. हजारो पानांवर शब्द आहेत. ते बोलणारे आवाज मात्र तासले गेले.

याच सुमारास अमेरिकेतून हार्वर्डचे कॉनराड एरेन्सबर्ग आणि सोलोन किंबॉल क्लेअर परगण्यात येऊन राहिले. त्यांच्या १९४० च्या पुस्तकातलं शेतकरी कुटुंब मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. जमीन एकाच मुलाला मिळणार. ती बापाच्या हातून सुटेपर्यंत पंचेचाळिशीचा गडीही ‘पोरगा’च. स्थळ मध्यस्थ आणणार, मुलीकडचे शेत बघून जाणार, तिने आणायची रक्कम शेतावर किती गाई पोसतात त्या मानाने ठरणार. लग्न झालं की म्हातारा-म्हातारी पश्चिमेच्या खोलीत जाणार आणि घर सुनेचं होणार. उरलेल्या भावंडांपुढे बोस्टनची वाट.

चित्र देखणं आहे, जरा जास्तच देखणं. १९७३ मध्ये ह्यू ब्रॉडी यांनी पश्चिमेकडच्याच एका गावाबद्दल लिहिलं, तेव्हा तिथे एकटे, बिनलग्नाचे पुरुष आणि ओस पडत चाललेली घरं होती. त्याच वर्षी पीटर गिबन यांनी दाखवलं, की ते सुरळीत गाव १९३० च्या दशकातही तसं नव्हतं, भेद आणि ओढाताण तेव्हाही होती. नॅन्सी शेपर-ह्यूझ यांनी १९७९ च्या पुस्तकात केरीतल्या एका खेड्याचा मनोविकारांच्या अंगाने अभ्यास केला. नाव बदललं होतं, तरी गावाने स्वतःला ओळखलंच. वीस वर्षांनी त्या परत गेल्या तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना निघून जायला सांगितलं.

म्हणून ही पुस्तकं वाचताना मी आधी बघते ते हे, की विचारणारा कोण होता आणि त्याने काय विचारलं नाही. शाळांच्या त्या योजनेतून डब्लिनसारखी मोठी शहरं वगळलेली होती. खरा आयर्लंड खेड्यात, ही तेव्हाची समजूत. डब्लिनच्या चाळींबद्दल पुरेसं बोललं जायला फार उशीर झाला. एकेकाळचे उमरावांचे वाडे, खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेले. १९११ च्या जनगणनेत हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या १४ नंबरच्या एका घरात शंभर माणसं सापडतात. केविन कर्न्स यांनी चाळकऱ्यांच्या तोंडच्या आठवणी छापल्या १९९४ मध्ये, आणि ते १४ नंबरचं घर आता संग्रहालय आहे.

दुष्काळाचंही तसंच. १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं, सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. शताब्दीला म्हणून सरकारने मागवलेला इतिहास निघाला थेट १९५६ मध्ये, तोही संयत आणि थंड. सेसिल वुडम-स्मिथ या इंग्लंडमधल्या बाईंचं १९६२ चं पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं, तर डब्लिनच्या विद्यापीठात परीक्षेला प्रश्न आला: ही एक थोर कादंबरी आहे, चर्चा करा. आयोगाने १९४५ मध्ये दुष्काळाच्या आठवणी गोळा केल्या होत्या. त्यांत एक सूर वारंवार लागतो: आमच्याकडे एवढं नव्हतं, पलीकडच्या गावात फार झालं.

बायका या इतिहासात १९७० च्या दशकानंतर आल्या, पण आल्या त्या कपाटं उघडतच. अँजेला बर्क यांचं १९९९ चं पुस्तक माझ्या लेखी या सगळ्या फळीवरचं सर्वांत धारदार. १८९५ मध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या सव्वीस वर्षांच्या बाईला नवऱ्याने जाळलं, कारण त्याच्या मते ही त्याची बायकोच नव्हती, पऱ्यांनी बदलून ठेवलेली कोणी होती. बर्क पऱ्यांच्या गोष्टी गांभीर्याने वाचतात, आणि बरोबरीने घरातल्या वस्तूही. ब्रिजेटजवळ सिंगरचं शिलाई मशीन होतं, कोंबड्या होत्या, म्हणजे हातात स्वतःचा पैसा होता. मूलबाळ नव्हतं. तिच्याबद्दल गावाला काय खुपत असावं, ते इथून दिसायला लागतं.

आणि ट्यूअम हे गाव. कॅथरीन कोर्लेस या हौशी स्थानिक इतिहासकार. गावातल्या अविवाहित मातांच्या आश्रमावर त्यांनी २०१२ मध्ये तिथल्या इतिहास मंडळाच्या नियतकालिकात लेख लिहिला. मग एकेक करून मृत्यूचे दाखले मागवले. ७९६ मुलांचे निघाले. दफनाची नोंद मात्र जवळजवळ कुणाचीच नाही. २०१५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला.

मुलांच्या त्या वह्या आता दूखस नावाच्या संकेतस्थळावर आहेत, मुलाच्या आणि शाळेच्या नावासकट, त्यामुळे कोणाला आजीचं बाराव्या वर्षीचं अक्षर सापडतं. हस्ताक्षरातली पानं टंकून देण्याचं काम घरबसल्या स्वयंसेवक करतात. त्या कामाला त्यांनी ‘मेहल’ म्हटलं आहे. सुगीला सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून एकाचं शेत कापायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं, त्याला आयरिशमध्ये हा शब्द. आपण इर्जिक म्हणतो.