ॲप उघडले नाही म्हणजे माणूस गेला का?

गोडी छाटणीनंतरच्या (फळासाठी पावसाळ्याअखेर होणाऱ्या छाटणीनंतरच्या) पंधरा-वीस दिवसांत निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार हवामानाचे ॲप दिवसातून चार-चार वेळा उघडतो. कोवळी फूट, त्यात ढगाळ हवा म्हणजे डाऊनी या बुरशीजन्य रोगाला आमंत्रणच. आज फवारणी करायची की उद्या, हे पावसावर ठरते. माल निघाल्यावर मात्र तेच ॲप आठवडेच्या आठवडे बंद. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचे तसे नाही. भावाचे ॲप त्याला बाराही महिने रोज लागते.

पण हे दोघेही महिनाभर फिरकले नाहीत, की ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या यादीत ते ‘३० दिवसांत न आलेले’ या एकाच गटात पडतात आणि दोघांना ‘परत या’ असे एकच नोटिफिकेशन जाते. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते.

१९८७ मध्ये श्मिटलाइन, मॉरिसन आणि कोलंबो या अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर गणित मांडले. प्रत्येक ग्राहकाची येण्याची स्वतःची गती असते आणि तो कधीतरी, न सांगता, कायमचा थांबतो. आपल्याला दिसते ती फक्त शांतता. ती किती गंभीर, हे त्याच्या आधीच्या गतीवरून ठरवायचे. रोज येणारा व्यापारी २० दिवस फिरकला नाही, तर तो बहुधा दुसऱ्या ॲपकडे गेला. महिन्यातून एकदा डोकावणाऱ्याचे २० दिवस म्हणजे काहीच नाही. म्हणजे जो जास्त येत होता, त्याचेच गप्प बसणे जास्त काळजीचे! २००५ मध्ये फेडर, हार्डी आणि ली यांनी हेच गणित इतके सोपे केले, की ते एक्सेलमध्येही बसते.

पण हे गणित माणसाची गती वर्षभर सारखीच धरून चालते, आणि द्राक्षबाग तशी चालत नाही. म्हणून आपल्याकडे तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी करावी. तेव्हाही तो गप्प होता, तर त्याला ‘हंगामाबाहेर’ या वेगळ्या गटात ठेवून त्रास देऊ नये. संदेश ज्यांना पाठवायचे, त्यांच्यातूनही काही जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून बाजूला ठेवावेत, त्यांना संदेश पाठवू नये. तेही तितक्याच प्रमाणात परतले, तर संदेशाने काहीच साधले नाही.

आणखी एक गट हमखास निसटतो: ज्यांच्यापर्यंत संदेश पोहोचतच नाही त्यांचा. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून, काही महिने न उघडलेले ॲप फोन स्वतःच निजवून ठेवतो. त्याला दिलेल्या परवानग्या काढून घेतो, गूगलच्या सेवेतून येणारी नोटिफिकेशनही थांबतात. अँड्रॉइडवर २७० दिवस संपर्क नसेल, तर गूगल त्या फोनचा टोकनच, म्हणजे संदेश पोहोचवण्यासाठी लागणारी खूणच, बाद करते. ॲप काढून टाकल्याची नोंद फायरबेस (ॲप बनवणाऱ्यांसाठीची गूगलची सेवा) अँड्रॉइडवर आपोआप घेते, आयफोनवर घेत नाही. अशा फोनांची यादी आधी वेगळी काढावी, नाहीतर ‘बोलावले, पण कोणी आले नाही’ असा चुकीचाच निष्कर्ष हाती येतो.