तटस्थ प्लावकतेचा सराव

पाण्यातली वस्तू तळाला बसत नाही आणि वरही येत नाही, त्या स्थितीला तटस्थ प्लावकता म्हणतात. ती अंतराळातल्या वजनरहित अवस्थेशी मिळतीजुळती असल्याने यानाबाहेर करायच्या कामांचा सराव अंतराळवीर याच स्थितीत करतात. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळ्याला यात नवल वाटणार नाही. वरच्या दोरीला बोया, खालच्या दोरीला शिसे लावून जाळे खाडीत उभे धरणे, ही तीच विद्या. ठाण्याच्या तरणतलावात पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना तिची अर्धी बाजू ठाऊक असते.

या सरावाची निकड १९६६ मध्ये पटली. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९-ए या अंतराळ मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर आले. धरायला, पाय रोवायला पुरेशी सोय नव्हती. प्रत्येक हालचाल त्यांनाच उलटी ढकलत होती. ते घामाघूम झाले, शिरस्त्राणाची काच धुक्याने भरली आणि काम अर्धवट सोडावे लागले. नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ वर गेलेले बझ ऑल्ड्रिन मात्र बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या तरणतलावात सराव करून आले होते. यानावर दांडे आणि पाय अडकवायच्या खोबण्याही आता वाढवल्या होत्या. त्यांचे काम शांतपणे पार पडले. या यशाचे श्रेय पाण्याइतकेच त्या खोबण्यांनाही द्यायला हवे.

ह्यूस्टनमधील नासाची टाकी ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. चार मजली इमारत आत उभी बुडेल. तिच्यात सुमारे २.३ कोटी लिटर पाणी मावते. तळाशी अंतराळस्थानकाच्या भागांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती असतात. पोशाखात हवेचा दाब भरलेला असल्याने हातमोजे ताठ होतात आणि बोटे लवकर थकतात. पाणबुडे पोशाखावर शिसे व फोम कमी-जास्त करत राहतात. शरीर बुडता कामा नये, वर येता कामा नये आणि एका अंगाला कलताही कामा नये. हा तोल साधणे फार नाजूक काम आहे. एक सत्र सुमारे सहा तास चालते.

अवजारांचीही परीक्षा इथेच होते. ताठ मोज्यात मूठ बसते का, हात बोल्टपर्यंत पोहोचतो का, कोणते काम आधी करायचे, हे पाण्यात कळते. निर्वात आणि टोकाचे तापमान मात्र वेगळ्या कक्षांत तपासावे लागते.

पाणी दोन बाबतींत फसवते. ढकललेली पेटी पाण्यात लगेच थांबते. अंतराळात ती थांबवावी लागते. आणि पोशाख तरंगला तरी आतल्या माणसाचे वजन जात नाही. उलटे झाल्यावर रक्त डोक्याकडे उतरतेच.

भारताच्या गगनयानाच्या कुपीचा, म्हणजे अंतराळवीर बसतात त्या भागाचा, नमुना पाण्यातून काढण्याच्या चाचण्या नौदलाच्या कोची येथील केंद्रात २०२३ मध्ये झाल्या, पण त्या यानाबाहेरच्या कामांच्या सरावासाठी नव्हे, तर समुद्रात उतरल्यानंतरच्या सुटकेसाठी होत्या. नेरूळच्या टी. एस. चाणक्यसारख्या सागरी प्रशिक्षण संस्थांतून घडणाऱ्या दर्यावर्दींना सक्तीने घ्यावे लागणारे जीवरक्षणाचे शिक्षण या चाचण्यांच्या अधिक जवळचे आहे.