वयाच्या ८० च्या पुढचं बीपी: बसून मोजलं, पण उभं राहून मोजलं का?

घरात ८० पार केलेलं कुणी असेल तर बीपीबद्दल दोन टोकाची मतं कानावर येतात. एक म्हणजे "आता या वयात कशाला गोळ्या, वय झालं की बीपी वाढायचंच", आणि दुसरं टोक म्हणजे दिवसातून चार वेळा मशीन लावायचं आणि १४५ दिसलं की सगळं घर टेन्शनमध्ये. मला दोन्ही पटत नाहीत, कारण या वयात बीपीला उपचार लागतो हे पक्कं सिद्ध झालंय, आणि तो उपचार चाळिशीतल्या माणसासारखा करून चालत नाही हेही तितकंच खरं आहे.

पूर्वी डॉक्टर मंडळींमध्येसुद्धा १०० अधिक वय असा एक ठोकताळा होता, म्हणजे ८५ वर्षांच्या माणसाचं वरचं बीपी १८५ असलं तरी चालतंय, मेंदूला रक्त पोचवायला तेवढं प्रेशर लागतंच असं समजायचे. समजूत अगदी वेडगळ नव्हती, कारण वयाबरोबर वरचा आकडा वाढतो हे खरंच आहे. तरुणपणी हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी लवचिक असते, प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते आणि धक्का पचवते. वय वाढतं तशी ती कडक होत जाते, उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या रबरी पाइपसारखी, मग ठोक्याचा सगळा धक्का वरच्या आकड्यात दिसतो आणि दोन ठोक्यांच्या मधलं प्रेशर मात्र पडतं. म्हणून बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं बीपी १७०/७० असं दिसतं, वरचा चढलेला आणि खालचा उतरलेला. "खालचं नॉर्मल आहे ना, मग झालं" असं लोक म्हणतात पण या वयात स्ट्रोकचा आणि हार्टचा धोका मुख्यतः वरच्या आकड्याबरोबर चालतो, आणि दोन आकड्यांमधलं अंतर मोठं असणं हे रक्तवाहिन्या कडक झाल्याचं लक्षण आहे.

तर खरा प्रश्न असा होता की हे वाढलेलं बीपी औषधाने उतरवलं तर फायदा होतो की नुकसान. त्याचं ठोस उत्तर २००८ साली मिळालं, हायवेट नावाच्या मोठ्या चाचणीतून. ८० किंवा त्याहून जास्त वयाची ३८४५ माणसं, सगळ्यांचं वरचं बीपी १६० किंवा जास्त, निम्म्यांना इंडापामाइड ही बीपीची गोळी आणि गरज पडली तर जोडीला पेरिंडोप्रिल ही दुसरी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी, आणि टार्गेट १५०/८०. फायदा इतका स्पष्ट दिसायला लागला की चाचणी वेळेआधी थांबवली. उपचार घेणाऱ्यांमध्ये कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू २१ टक्के कमी, स्ट्रोकने होणारे मृत्यू ३९ टक्के कमी, आणि हार्ट फेल्युअर तर ६४ टक्के कमी. लक्षात घ्या की यासाठी दहा वीस वर्षं लागली नाहीत, ही माणसं सरासरी जेमतेम दोन वर्षं उपचारावर होती. "आता किती दिवस राहिलेत, कशाला गोळ्या" या म्हणण्यातली हवाच यातून निघून जाते.

मग २०१५ मध्ये स्प्रिंट ही अमेरिकेतली चाचणी आली, त्यात टार्गेट थेट १२० च्या खाली ठेवलं होतं, आणि त्यातल्या ७५ च्या पुढच्या २६३६ जणांमध्येसुद्धा कडक टार्गेटवाल्यांना हार्टचे त्रास आणि मृत्यू दोन्ही साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. ही बातमी वाचून अनेकांनी आईवडिलांचं बीपी १२० वर आणायचा चंग बांधला आणि इथेच मला थोडं थांबवावंसं वाटतं.

कारण या चाचण्यांमध्ये कोण होतं त्यापेक्षा कोण नव्हतं ते आधी बघायला हवं. हायवेटमध्ये डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेली माणसं घेतली नव्हती. स्प्रिंटमध्ये डायबेटिस असलेली, आधी स्ट्रोक होऊन गेलेली, नर्सिंग होममध्ये राहणारी माणसं नव्हती, शिवाय तिथलं बीपी पाच मिनिटं शांत बसवून ऑटोमॅटिक मशीनने घेतलं होतं, बऱ्याच ठिकाणी खोलीत दुसरं कुणी नसताना, आणि असं मोजलेलं बीपी गडबडीत दवाखान्यात मोजलेल्यापेक्षा बहुतेक वेळा कमी येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते हे की दोन्ही चाचण्यांमध्ये घेण्याआधी माणसाला उभं करून बीपी मोजलं होतं. हायवेटमध्ये उभ्याने १४० पेक्षा कमी आलं तर प्रवेश नाही, स्प्रिंटमध्ये उभं राहिल्यावर एका मिनिटाने ११० पेक्षा कमी आलं तर प्रवेश नाही. म्हणजे ज्या पुराव्यावर आपण म्हाताऱ्यांना गोळ्या देतो तो पुरावाच उभ्याने मोजलेल्या माणसांचा आहे, आणि रोजच्या व्यवहारात मोजतो कसं, तर खुर्चीत बसवून एकदाच.

उभं राहिल्यावर नेमकं होतं काय ते सांगतो. माणूस उठला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांमध्ये प्रेशर ओळखणारे सेन्सर असतात, ते लगेच मेंदूला कळवतात, ठोके वाढतात, पायातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि काही सेकंदात सगळं सावरतं, आपल्याला कळतसुद्धा नाही. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. त्यात रात्री प्रोस्टेटची गोळी घेतलेली, दिवसभर पाणी कमी प्यायलेलं, पहाटे लघवीला जायला अंधारात झटकन उठले, दोन पावलं टाकली आणि खाली. घरचे म्हणतात पाय घसरला. कंबरेचं हाड मोडतं आणि त्या पडण्यामागे बीपी असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

घरी तपासायचं तर पाच मिनिटं आडवं किंवा शांत बसवून एकदा बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या, हात हृदयाच्या लेव्हलला आधार देऊन, आणि शेजारी कुणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरला सांगायलाच हवं, चक्कर आली नसली तरी, कारण कित्येकांना चक्कर येतच नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होतं, डोळ्यापुढे धूसर होतं किंवा मान आणि खांदे दुखतात. सकाळी उठल्यावर, आणि पोटभर जेवणानंतरच्या दोन तासात हे जास्त होतं, तर त्या वेळांनाही एकदा मोजून ठेवा. जे सुरक्षित उभे राहू शकत नाहीत त्यांच्यावर मात्र हा प्रयोग करू नका. कफचा साइजही बघा, बारीक झालेल्या दंडाला मोठा कफ लावला तर बीपी खरं आहे त्याहून कमी दिसतं.

आता उभ्याने बीपी उतरतंय असं दिसलं म्हणून लगेच सगळ्या गोळ्या बंद, असं करू नका. उपचार न केलेलं जुनं वाढलेलं बीपीसुद्धा ही सावरायची यंत्रणा बिघडवतं. आधी बघायचं की कुठली गोळी दोषी आहे. प्रोस्टेटसाठी दिलेली, झोपेची, डिप्रेशनची, लघवी वाढवणारी, यातली एखादी बदलून बऱ्याचदा भागतं. आणखी एक साखळी फार दिसते, बीपीच्या अॅमलोडिपिनने घोट्याला सूज येते, ती सूज किडनीची किंवा हार्टची समजून लघवीची गोळी सुरू होते, त्याने सोडियम उतरतं, माणूस बडबडायला लागतो, मग त्या बडबडीसाठी अजून एक गोळी. सूज कधी सुरू झाली आणि गोळी कधी सुरू झाली या दोन तारखा जुळवून बघायला पैसे लागत नाहीत. उलट्या जुलाब झाले, खाणंपिणं बंद झालं अशा दिवसात लघवीची गोळी चालू ठेवायची का हे त्याच दिवशी फोन करून विचारा. आणि गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी पेनकिलर बीपी वाढवते आणि किडनीलाही त्रास देते, तीही यादीत लिहा.

टार्गेटचं म्हणाल तर ८० पार करूनही जो स्वतःची कामं स्वतः करतो, चालतो फिरतो, त्याचं वरचं बीपी सोसत असेल तर १३० ते १४० च्या दरम्यान आणायला हरकत नसते. जो खूप थकलाय, वजन उतरलंय, आंघोळीलाही मदत लागते, त्याच्यासाठी १४० ते १५० सुद्धा बरं म्हणता येईल, कारण फ्रान्स आणि इटलीत नर्सिंग होममधल्या ८० पुढच्या माणसांवर झालेल्या एका अभ्यासात ज्यांचं वरचं बीपी १३० पेक्षा कमी आणि बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या चालू, त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले. आता गोळ्यांमुळेच ते झाले असं त्यातून सिद्ध होत नाही, आजाराने खंगलेल्या माणसाचं बीपी आपोआपही उतरतं, पण अशा माणसाच्या गोळ्या परत तपासायला एवढं कारण पुरे आहे.

गोळ्या कमी करता येतात का यावरही ब्रिटनमध्ये चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. ८० च्या पुढची ५६९ माणसं, दोन किंवा जास्त गोळ्या चालू आणि वरचं बीपी १५० च्या आत, त्यातल्या निम्म्यांची एक गोळी काढली. बारा आठवड्यांनी १५० च्या आत राहिलेले किती, तर गोळी काढलेल्यांमध्ये ८६ टक्के आणि न काढलेल्यांमध्ये ८८ टक्के, बीपी सरासरी तीन साडेतीनने वाढलं. लांबचा फायदा तोटा कळायला बारा आठवडे पुरत नाहीत, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली एक गोळी कमी करून बघणं शक्य आहे एवढं यातून दिसतं. एका वेळी एकच गोळी कमी करायची, मधे काही आठवडे जाऊ द्यायचे, बसून आणि उभ्याने दोन्ही आकडे वहीत लिहीत राहायचं, आणि ठोके मंद करणारी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारखी गोळी असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम कधीच बंद करायची नाही, ठोके आणि बीपी दोन्ही उसळी मारतात. क्लोनिडिन या बीपीच्या गोळीचंही तसंच.