परतीचे दोर

1987 साली शिकागोजवळच्या ब्लू आयलंड या गावात एक 14 वर्षांचा मुलगा गल्लीत उभा राहून गांजा ओढत होता. आईवडील इटलीहून आलेले, पोटापाण्यासाठी दिवसरात्र राबणारे. मुलाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. समोर एक गाडी येऊन थांबली. डोकं तुळतुळीत केलेला, वयाने जवळजवळ दुप्पट असलेला एक माणूस उतरला आणि त्याने मुलाच्या तोंडातली सिगारेट काढून घेतली. तू असा झिंगून पडलेला असणंच कम्युनिस्टांना आणि ज्यूंना हवं आहे, असं त्याने ऐकवलं.

ज्यू म्हणजे कोण हेही त्या मुलाला धड माहीत नव्हतं. कोणीतरी आपल्यासाठी गाडी थांबवली, एवढं मात्र त्याला नीट कळलं. काही वर्षांतच तो मुलगा, ख्रिश्चन पिच्योलिनी, त्या भागातल्या निओ-नाझी, म्हणजे हिटलरचे विचार मानणाऱ्या, टोळीचा म्होरक्या झाला.

ज्यांच्या मनात द्वेष भरलेला असतो तेच द्वेष पसरवणाऱ्या गटांत जातात, असं आपण धरून चालतो. समाजशास्त्रज्ञ कॅथलीन ब्ली यांनी अमेरिकेतल्या वंशवादी संघटनांमध्ये काम करणाऱ्या 34 स्त्रियांच्या आयुष्याच्या कहाण्या सविस्तर ऐकल्या, तेव्हा चित्र बरंच उलटं निघालं. त्यांतल्या अनेकींची पूर्वीची मतं काही जहाल नव्हती. कोणी ओळखीच्या माणसामुळे गेलं, कोणी नात्यामुळे, कोणी नुसत्या ओढीने. कडवा वंशवाद त्या आत गेल्यावर शिकल्या. घरातूनच विखार घेऊन आलेली माणसंही असतात, नाही असं नाही. पण ‘माझ्या मनात कुणाबद्दल काही वाईट नाही, मग मला कसली भीती’ असं म्हणणाऱ्याला तेवढ्याने संरक्षण मिळत नाही. ते मन घडवायला पुढे भरपूर वेळ असतो.

मग माणूस आत ओढला कशाने जातो? इथे आपल्या भाषेतला एक जुना शब्दप्रयोग कामाला येतो: वाळीत टाकणं. अंगाला बोटही न लावता माणसाला मोडता येतं, हे समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांना त्याचा प्रत्यय एका बागेत आला. ते बसले होते तिथे दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे फेकली, आणि काही फेऱ्यांनंतर अचानक त्यांना वगळून आपापसांत खेळू लागले. ना ओळख ना देख, तरीही ते फार लागलं. त्यातून त्यांनी एक साधा संगणकी खेळ तयार केला. पडद्यावर तीन खेळाडू चेंडू टाकतात, तुमच्याकडे दोन-तीनदा येतो आणि मग येतच नाही. एवढ्यानेच लोकांचा आत्मसन्मान, आपलेपणाची भावना आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव खाली येते. 2003 मध्ये हाच खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये खेळवला, तेव्हा शारीरिक वेदनेच्या वेळी सक्रिय होणारा एक भाग वगळल्यावरही अधिक सक्रिय झालेला दिसला. त्याचा नेमका अर्थ कसा लावायचा यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. माणसाला ते लागतं, याबद्दल मात्र वाद नाही.

2007 मध्ये याच खेळाचा एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातल्या सहभागींपैकी काहींना सांगण्यात आलं, की तुमच्यासोबत खेळणारे दोघे कू क्लक्स क्लॅन या कुप्रसिद्ध वंशद्वेषी संघटनेचे आहेत. अशांनी आपल्याला खेळायला घेतलं नाही तर काय बिघडलं? पण तेही लागलं, आणि आपल्यासारख्यांनी वगळल्यावर लागतं तसंच लागलं. या क्षेत्रातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं निरीक्षण कोणतं असेल तर हे. आपल्याला जवळ करणारा कोण आहे, ही चौकशी मनाचा एक कोपरा करतच नाही. तो फक्त चेंडू आला की नाही एवढंच पाहतो.

बार्सिलोनातल्या संशोधकांनी 2018 मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. ज्यांना हिंसक कट्टरतेकडे झुकण्याचा धोका आहे अशा 38 तरुणांना त्यांनी हा खेळ खेळायला लावला आणि नंतर मेंदूच्या स्कॅनरमध्ये त्यांच्या मूल्यांबद्दल विचारलं. कोणत्याही किमतीत तडजोड करणार नाही अशी माणसाची काही मूल्यं असतात; बाकीच्यांवर तो बोलायला, ऐकायला तयार असतो. खेळात वगळलेल्या तरुणांच्या बाबतीत ही दुसऱ्या प्रकारची मूल्यंही मेंदूत पहिल्या प्रकारासारखी वागू लागली, आणि त्यांच्यासाठी लढण्याची तयारी वाढली. दुरावलेला माणूस नुसता दुखावत नाही, तो ताठरही होतो.

अर्थात एकटी पडलेली बहुसंख्य माणसं कुठल्याही टोळीत जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ अरी क्रुग्लान्स्की यांच्या मते तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: आपल्याला काही किंमत असावी ही भूक, ती किंमत कशी मिळेल हे सांगणारी एक गोष्ट, आणि त्या गोष्टीला माना डोलावणारी माणसं. भूक सगळ्यांनाच असते. द्वेषाचा गट उरलेल्या दोन्ही गोष्टी एकदम आणून देतो. तुझी नोकरी गेली, तुला कोणी विचारत नाही, याला ‘ते’ जबाबदार आहेत, आणि त्यांच्याशी लढणारा तू शूर आहेस. कालपर्यंत अपयशी असलेला माणूस एका संध्याकाळीत सैनिक होतो. हा मोह मी कमी लेखणार नाही.

त्यातच ‘आपले’ आणि ‘ते’ ही रेघ मारायला काहीच लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडले, युद्धकैदी म्हणून वाचले, आणि परतल्यावर कळलं की जवळचं जवळजवळ कोणीच उरलेलं नाही. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्यांनी 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पडद्यावरचे ठिपके कोणी जास्त मोजले कोणी कमी, कोणाला कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडली, अशा क्षुल्लक कारणांवरून मुलांचे दोन गट पाडल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. मग प्रत्येकाला एकांतात बसवून इतरांना पैसे वाटायला दिले. स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं, समोरच्यांची नावंही ठाऊक नव्हती. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नाही, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण ‘त्यां’च्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असेही पर्याय निवडले. ठिपक्यांवरून एवढं होत असेल, तर धर्म, वंश आणि जुन्या जखमांवरून किती होईल याचा अंदाज ताजफेल यांना वेगळा करावा लागला नसणार.

आत गेल्यावर पहिल्या दिवशी कोणी कोणाला मारायला सांगत नाही. आधी एक विनोद असतो, त्यावर हसायचं असतं. मग तो पुढे पाठवायचा असतो. मग एका सभेला नुसतं उभं राहायचं असतं. एकाच मताची माणसं एकत्र बसून बोलली की बैठकीअखेर सगळ्यांची मतं आणखी टोकाला जातात, हे 1969 साली फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात दिसलं आणि पुढे अनेकदा पडताळलं गेलं. शब्दही बदलत जातात. 1994 च्या नरसंहारात रवांडातल्या रेडिओवरून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना ‘झुरळं’ म्हटलं जात होतं. झुरळाला मारताना कुणाचा हात थरथरत नाही. म्हणून तर तो शब्द निवडलेला असतो.

आणि दरम्यान बाहेरची माणसं तोडली जातात. ते का, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1951 च्या प्रयोगावरून कळतं. खोलीतले सगळे जण ढळढळीत चुकीचं उत्तर देऊ लागले की बरीच माणसं त्यांचीच री ओढतात. पण एकाने जरी खरं उत्तर दिलं, तर ही री ओढणं झपाट्याने कमी होतं. फक्त एक माणूस पुरतो. म्हणून तो एक माणूस, मग ती बहीण असो, जुना मित्र असो की शिक्षक, गटाला सहन होत नाही. त्याच्यावर भेकड, फितूर, विकला गेलेला असे शिक्के मारले जातात. एखादा गुन्हा हातून करवून घेतला जातो, चेहऱ्यावर गोंदवून घेतलं जातं. परतीचे दोर असे एकेक करून कापले जातात, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच हाताने कापायला लावतात.

ब्रायन वाइडनर या अमेरिकी माणसाने तोंडावर, मानेवर, हातांवर द्वेषाची चिन्हं गोंदवून घेतली होती. लग्न झालं, मुलं झाली, गट नकोसा झाला. पण हा चेहरा घेऊन काम मागायला जायचं कुठे? ॲसिडने तोंड धुऊन काढावं इथपर्यंत तो आला होता. अखेर एका मदतीमुळे लेझरचे उपचार मिळाले. 16 महिने, 25 शस्त्रक्रिया. जुने साथीदार फितूर ठरवून जिवावर उठतात ते वेगळंच.

चेहरा तरी धुता आला. समाजशास्त्रज्ञ पीट सिमी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी वर्णवर्चस्ववादी गट सोडलेल्या 89 जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या अनेकांनी सांगितलं, की विचार सोडले तरी ते सुटत नाहीत. व्यसन सुटलेल्याला वासाने तलफ यावी तसे ते कधीही उसळतात. एका स्त्रीने सांगितलं, की गट सोडून बराच काळ लोटल्यावर एका खाण्याच्या दुकानात मागवलेलं चुकीचं आलं, आणि तिच्या तोंडून जुन्याच शिव्या बाहेर पडल्या, हात नाझी सलामीसाठी वर गेला. ज्या गोष्टीवर तिचा आता विश्वासच नव्हता, ती तिचं शरीर करत होतं. द्वेषाचे बळी आधी दुसरे असतात, आणि ते कधीही विसरता कामा नये: 2011 मध्ये नॉर्वेतल्या ओस्लो आणि उतोया इथे 77 जण मारले गेले, 2019 मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51. पण सामील झालेल्याच्या डोक्यातही हे विष वर्षानुवर्षं मुरत राहतं, हे गटात बोलावणारा कधीच सांगत नाही.

तरी माणसं बाहेर पडतात. नॉर्वेत 1997 पासून, मग स्वीडन आणि जर्मनीत, केवळ यासाठी ‘एक्झिट’ नावाचे उपक्रम उभे राहिले. जर्मनीतल्या संस्थेच्या संस्थापकांत एक माजी पोलीस अधिकारी होता आणि एक माजी निओ-नाझी. 2011 मध्ये गेरा शहरातल्या अतिउजव्यांच्या संगीत महोत्सवात या संस्थेने गुपचूप 250 टी-शर्ट पाठवले. छातीवर कवटी आणि झेंडे. आयोजकांनी ते खुशीने फुकट वाटले. घरी जाऊन धुतल्यावर वरचा रंग निघून गेला आणि खालचा मजकूर दिसू लागला: तुझ्या टी-शर्टला जे जमतं, ते तुलाही जमेल, या अतिरेकातून सुटायला आम्ही मदत करू. टोळक्यात असताना हा निरोप कोणी ऐकलाच नसता. तो पोचला घरात, कपडे वाळत घालताना, एकट्याला.

आपलं कोणी माणूस असं सरकू लागलेलं दिसलं, की आपण एकतर वाद घालतो किंवा संबंध तोडतो. बोलण्यात अचानक ‘ते लोक’ येऊ लागणं, जुने मित्र एकदम क्षुद्र वाटू लागणं, प्रत्येक दुःखाला एकच शत्रू सापडणं, हे दिसलं की संताप येतो आणि तो साहजिक आहे. त्याचं म्हणणं मान्य करू नये, आणि तसं स्पष्ट सांगावंही. हिंसेची तयारी दिसली तर गप्प बसून चालणार नाही, पोलिसांकडे जावंच लागेल. पण त्याआधी, जेवलास का, झोप लागते का, कामाचं काय झालं, हे विचारणारा माणूस म्हणून आपण त्याच्या आयुष्यात उरलो पाहिजे. दार लावून घेतलं तर गटाचंच काम आपण करून देतो.

पिच्योलिनीने गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांचं दुकान काढलं होतं, मुख्यतः द्वेषाची गाणी विकण्यासाठी. सोबत इतर संगीतही ठेवलं, म्हणून कृष्णवर्णीय, ज्यू, समलिंगी गिऱ्हाईकं येऊ लागली. तो कोण आहे हे माहीत असूनही ती बोलत राहिली. हळूहळू ती गाणी विकायची त्यालाच लाज वाटू लागली. ती काढून टाकली आणि दुकान बुडालं. तोवर बायकोमुलंही दुरावली होती. काही वर्षांनी एका संगणक कंपनीत काम मिळालं आणि पहिलीच कामगिरी निघाली ज्या शाळेने त्याला दोनदा काढून टाकलं होतं तिथे संगणक बसवण्याची. तिथे त्याला तो कृष्णवर्णीय सुरक्षारक्षक दिसला, ज्याच्याशी मारामारी केल्यामुळे त्याला बेड्या घालून बाहेर नेलं होतं. तो त्याच्यामागे वाहनतळापर्यंत धावत गेला आणि खांद्यावर हात ठेवला. रक्षक वळला, त्याला ओळखून घाबरला, एक पाऊल मागे सरला. पिच्योलिनीच्या तोंडून माफीच्या एका शब्दापलीकडे काही फुटेना. मग रक्षकाने त्याला मिठी मारली, आणि हे सगळं लोकांना सांगशील, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.