पांढरा घोडा कुणाचा?

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहराच्या प्रोटेस्टंट वस्त्यांत घरांच्या बाजूच्या भिंतींवर पांढऱ्या घोड्यावरचा एक राजा रंगवलेला दिसतो. हा तिसरा विल्यम, लाडानं ‘किंग बिली’. १६९० साली बॉइन नदीकाठी त्यानं कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला हरवलं. त्या विजयाच्या मिरवणुका दर १२ जुलैला आजही ढोल बडवत निघतात. पलीकडच्या कॅथलिक मोहल्ल्यातल्या भिंतींवर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या डब्लिन उठावातले हुतात्मे असतात. मूल शाळेत जायच्या आधीच या भिंती त्याला इतिहास शिकवून मोकळ्या होतात.

ब्रिटनसोबत राहू पाहणारे प्रोटेस्टंट आणि एकसंध आयर्लंड हवं असलेले कॅथलिक, या फाळणीतून विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं चाललेल्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार माणसं मेली. दोन्ही समाजांची मुलंही बहुतेक वेगवेगळ्या शाळांत. म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांना इतिहासाचा एकच अभ्यासक्रम लागू झाला. घोकंपट्टीऐवजी दोन्ही बाजूंची पत्रं, चित्रं, कागद मुलांसमोर ठेवायचे आणि त्यांनीच ते पडताळायचे. कल्पना चांगलीच होती.

तिचं पुढे काय झालं, हे कीथ बार्टन आणि ॲलन मकली या संशोधकांनी तपासलं. माध्यमिक शाळांतल्या २५३ मुलांपुढे त्यांनी ऐतिहासिक चित्रांचा गठ्ठा ठेवला. आधी चित्रांचे गट पाडायला सांगितले आणि मग विचारलं, ‘तू कोण आहेस, याच्याशी यातल्या कोणत्या चित्रांचं नातं आहे?’ खालच्या वर्गांतल्या मुलांची निवड बरीच पसरट होती. वरच्या वर्गांत मात्र ती आपापल्या समाजाच्या चित्रांभोवती आवळत गेली. म्हणजे जितका इतिहास जास्त शिकला, तितकं कुंपण पक्कं!

मुलं अभ्यासात कच्ची होती असं नाही. दुसरी बाजू कळते म्हणून शाळेतला इतिहास त्यांना आवडतही होता. पण त्याच समतोल धड्यातून प्रत्येक जण आपल्या सोयीचं तेवढं वेचत होता. आपलं मन पुराव्याशी असंच वागतं: पटणारं चटकन उचलतं, खुपणारं बारकाईनं तपासत बसतं. त्यात अनेक वर्गांत घरी ऐकलेल्या गोष्टी आणि शाळेतले पुरावे कधी समोरासमोर आणलेच गेले नाहीत. माझ्या मते खरी चूक इथे होती. भांडण टाळण्याला समतोल म्हटलं गेलं.

२००७ च्या अभ्यासक्रमानं हा धागा पकडला. इतिहासाचा सोयीस्कर अर्थ लावून साचेबंद समजुती कशा घडवल्या जातात, हेच आता शिकवायचं ठरलं.

त्यासाठी १९१६ साल हाताशी आहेच. प्रोटेस्टंटांसाठी ते पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सॉमच्या लढाईचं वर्ष. ब्रिटिश सैन्यातल्या त्यांच्या अल्स्टर डिव्हिजननं १ जुलैला चढाई केली आणि दोन दिवसांत सुमारे साडेपाच हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. कॅथलिकांसाठी ते उठावाचं वर्ष. पण त्याच सॉमवर सप्टेंबरमध्ये आयरिश कॅथलिक सैनिकही मोठ्या संख्येनं ब्रिटिश गणवेशात मेले. टॉम केटल त्यांतलाच. आयरिश राष्ट्रवादी, माजी खासदार, कवी. ९ सप्टेंबरला जिंची गावाजवळ तो पडला. मृतदेह सापडलाच नाही. डब्लिनच्या बागेत त्याचा अर्धपुतळा बसायला १९३७ उजाडलं, तोही औपचारिक अनावरणाशिवाय.