झिंग्याचे औषध झिंग्याच्याच रक्तात

मराठवाड्याला समुद्र नाही, पण शेततळी गावोगाव झाली आहेत आणि त्यांत रोहू-कटल्यासोबत गोड्या पाण्यातला झिंगाही वाढवता येतो. या झिंग्याच्या अळ्यांना मात्र निमखारे पाणी लागते. म्हणून बीज हॅचरीतून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून आणावे लागते, आणि रोगही त्याच पिशवीतून येऊ शकतो. पिशवी उजेडात धरून पाहावी. निरोगी पिलू आरपार दिसते. शेपटीचे मांस दुधाळ पांढरे दिसले, तर तो विषाणूमुळे होणारा पांढऱ्या शेपटीचा रोग असू शकतो. असे बीज तळ्यात सोडूच नये. काही दिवसांत जवळपास सगळी पिले मरू शकतात.

लस टोचली की माणसाचे शरीर प्रतिपिंडे तयार करते. झिंग्याकडे प्रतिपिंडेच नाहीत, त्यामुळे आपल्यासारखी लस त्याला लागू पडत नाही. प्रतिजैविके खाद्यातून दिली, तर ती पाण्यात आणि गाळात उतरतात, चिवट जिवाणू तेवढे मागे उरतात. मालात त्यांचा अंश सापडला की परदेशातून तो परत येतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर तर आपल्याकडे मत्स्यशेतीत बंदीच आहे.

मग हा जीव आजवर टिकला कसा? त्याच्या रक्तपेशींत जंतुनाशक प्रथिने असतात. १९९७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी व्हेनामी या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीच्या रक्तातून पिनीडिन नावाची अशी प्रथिने वेगळी केली. अशा प्रकारची बहुतेक प्रथिने आखूड आणि धनभारित असतात, तर जिवाणूचे आवरण ऋणभारित. म्हणून ती तिथे जाऊन चिकटतात, आवरणाला भोके पाडतात आणि जिवाणूच्या आतला ऐवज बाहेर सांडतो. प्राण्याच्या पेशीची बाहेरची बाजू बहुतांशी भाररहित असते, म्हणून ती बचावते. प्रतिजैविक बहुधा एखाद्याच यंत्रणेवर वार करते. तिच्यात छोटासा बदल करून जिवाणू निसटतो. अख्खे आवरण बदलणे त्याला जड जाते. अशक्य मात्र नाही.

आवरणाच्या रचनेवरून जिवाणूंचे दोन मोठे गट पडतात, ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह. पिनीडिनचा जोर ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू आणि बुरशीवर चालतो. खाऱ्या तळ्यांत धुमाकूळ घालणारा व्हिब्रिओ हा जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह आहे, त्याच्यावर कोळंबीचेच एएलएफ नावाचे दुसरे प्रथिन जास्त चालते. प्रयोगात एएलएफचे जनुक बंद पाडले, तेव्हा व्हिब्रिओच्या संसर्गाने जास्त कोळंबी दगावली.

जालना-बीडच्या रेशीम उत्पादकांना हे जवळचे वाटेल, कारण रेशीमकिड्यालाही प्रतिपिंडे नसतात. स्वीडनमध्ये हान्स बोमान यांच्या गटाने जंगली रेशीम पतंगाच्या प्युपाला, म्हणजे कोषातल्या किड्याला, जिवाणू टोचले आणि त्याच्या रक्तात सेक्रोपिन हे असेच जंतुनाशक प्रथिन सापडले. १९८१ मध्ये ते जगासमोर आले. तुतीच्या रेशीमकिड्यातही ते असते. पण कोष उकळून उरलेले प्युपा दळून कोणी ‘औषध’ म्हणून विकू लागला, तर घेऊ नका. खाद्य म्हणून ते चांगले. सेक्रोपिन मात्र किडा संसर्ग झाल्यावरच भरभरून बनवतो.

खरा मार्ग म्हणजे अशा प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालून टाकीत प्रथिन तयार करायचे आणि खाद्यात मिसळायचे. त्यात खर्च मोठा, आणि प्रथिन झिंग्याच्या पोटात पचून वाया जाऊ नये हेही साधायला हवे. यावरचे बरेचसे काम खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीवर झाले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन चालते, उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून असे खाद्य शेततळ्यातल्या झिंग्यावर, गोड्या पाण्यातल्या एरोमोनास जिवाणूविरुद्ध तपासावे, असे मला मनापासून वाटते.